तळ्यात, मळ्यात आणि चार नंबरचा शर्ट

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय. विषय अमेरिकन फुटबॉलचा, त्यामुळे निम्मे वाचक इथूनच परत फिरतील याची कल्पना आहे. पण जरा थांबा. नियम समजावत बसणार नाही. एवढंच लक्षात ठेवा की त्या खेळात प्रत्येक संघाचा एक क्वार्टरबॅक असतो आणि जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. चेंडू कुणाला द्यायचा, कुठे फेकायचा, हे दोन-तीन सेकंदांत त्यालाच ठरवावं लागतं. संघ जिंकला तर तो देव, हरला तर सगळं खापर त्याच्या डोक्यावर. आणि असा माणूस म्हातारा व्हायला लागला (म्हातारा म्हणजे अडतीस वर्षांचा!) की संघाचं आणि त्याचं काय होतं, त्याची ही गोष्ट.

२००८ चा उन्हाळा. मी तेव्हा मिलवॉकीत कामाला होतो. ग्रीन बे तिथून गाडीने दोन तासांवर. त्या जुलैत अमेरिकेत ओबामा-मॅकेन निवडणूक तापत होती, पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं होतं. पण आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी (म्हणजे त्यांच्या कॉफीच्या वेळी) एकच विषय. ब्रेट फार्व परत येणार का? आला तर कुठे खेळणार? रोज सकाळी नवी बातमी, दुपारी तिचा इन्कार, संध्याकाळी 'सूत्रांकडून' तिसरंच काहीतरी. लहानपणी आपण 'तळ्यात-मळ्यात' खेळायचो ना, तसा एक अख्खा जिल्हा महिनाभर उड्या मारत होता.

आता हा फार्व कोण? मिसिसिपी राज्यातल्या किल्न नावाच्या खेड्यात वाढलेला मुलगा. १९९१ मध्ये अटलांटाने त्याला ड्राफ्टमध्ये ३३ व्या क्रमांकावर घेतलं. तिथे वर्षभरात त्याने चार पास फेकले. त्यातला एकही आपल्या माणसाच्या हातात पडला नाही, दोन प्रतिस्पर्ध्यांनी पकडले. १९९२ च्या फेब्रुवारीत ग्रीन बे पॅकर्सचे जनरल मॅनेजर रॉन वुल्फ यांनी या पोरासाठी पहिल्या फेरीतली निवड देऊन टाकली. लोकांना तेव्हा तो वेडेपणा वाटला. वुल्फ आदल्या वर्षी न्यूयॉर्क जेट्समध्ये होते आणि त्यांना तेव्हाच फार्व हवा होता. पण जेट्सची पाळी ३४ वी आणि अटलांटाने एक नंबर आधी त्याला उचललं. ही जेट्सची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९९२ च्या सप्टेंबरात पॅकर्सचा नेहमीचा क्वार्टरबॅक जखमी झाला आणि फार्व मैदानात उतरला. पुढच्या सामन्यात तो सुरुवातीपासून खेळला. त्यानंतर २००७ च्या सीझनअखेरपर्यंत पॅकर्ससाठी सलग २५३ सामने (प्लेऑफ सोडून) त्यानेच सुरुवात केली. अंगठा मोडला, घोटा सुजला, तरी तो उभा. १९९५, ९६ आणि ९७ अशी लागोपाठ तीन वर्षं तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. जानेवारी १९९७ मध्ये त्याने सुपर बोल जिंकून दिला; त्याआधीचा गावाचा शेवटचा सुपर बोल १९६८ मधला होता. २००३ च्या डिसेंबरात त्याचे वडील अचानक वारले. दुसऱ्या दिवशी ओकलंडमध्ये सामना होता. तो खेळला, ३९९ यार्डांचे पास फेकले आणि पॅकर्स ४१-७ असे जिंकले. विस्कॉन्सिनमधली जी मुलं २००८ मध्ये कॉलेजात जात होती, त्यांना दुसरा क्वार्टरबॅक आठवतच नव्हता.

आणि गाव तरी कसलं! ग्रीन बेची वस्ती जेमतेम एक लाख. एवढ्याशा गावात लीगचा संघ टिकून आहे, कारण त्याला मालकच नाही. १९२३ पासून तो लोकांच्या शेअर्सवर चालतो. शेअरवर लाभांश मिळत नाही, तो नफ्याने विकता येत नाही, सामन्याचं तिकीटसुद्धा मिळत नाही. तरी २००८ मध्ये एक लाखाच्या वर भागधारक होते, आज ते पाच लाखांच्या वर आहेत. आमच्या ऑफिसातल्या एका साठीच्या गृहस्थांनी १९९७-९८ च्या विक्रीत २०० डॉलरला घेतलेला शेअर फ्रेम करून टेबलामागे टांगला होता. आपल्याकडे लोक गुरूंचा फोटो लावतात तसा. त्या महिन्यात मी त्यांना सहज विचारलं, तुम्ही तर मालक, मग तुमचं मत काय? त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, भागधारक म्हणून त्याला जाऊ द्यावं असं वाटतं आणि प्रेक्षक म्हणून वाटत नाही. त्या सबंध उन्हाळ्यात ऐकलेलं सर्वात प्रामाणिक वाक्य हेच.

आता मुद्द्याकडे येतो. अफवा का उठतात? आपण समजतो की पत्रकारांना बातम्या नसतात म्हणून ते पुड्या सोडतात. काही अंशी खरंही आहे. पण ट्रेडच्या अफवेमागे एक साधा नियम असतो आणि तो कळला की सगळा गोंधळ उलगडतो. या लीगमध्ये करारात असलेल्या खेळाडूशी दुसऱ्या संघाने परस्पर बोलणी करायची नाहीत. केली तर दंड. आणि करार शिल्लक असताना खेळाडू निवृत्त झाला, तरी तो मोकळा होत नाही. त्याचं नाव 'निवृत्त' यादीत जातं, हक्क संघाकडेच राहतो. उद्या त्याला परत यावंसं वाटलं, तर तो त्याच दारात परत येणार. फार्वचा करार २०१० पर्यंतचा होता.

म्हणजे बघा, खेळाडू दुसऱ्या संघाशी उघड बोलू शकत नाही. दुसरा संघ खेळाडूशी बोलू शकत नाही. मूळ संघ 'आम्हाला हा नको' असं उघड म्हणू शकत नाही, कारण म्हटलं की भाव पडला, शिवाय गाव अंगावर येणार. मग बोलायचं कसं? एजंट एका पत्रकाराच्या कानात सांगतो, संघाचा अधिकारी दुसऱ्याच्या. ज्यांना समोरासमोर बोलायची मुभा नाही किंवा धीर नाही, त्यांचा संवाद अफवेतून चालतो. भाव ठरतो, समोरच्याची तयारी कळते आणि गावाच्या मनाचीही मशागत होत राहते. आपल्या घरांमध्येसुद्धा सासूबाई किल्ल्या कधी सोडणार हा प्रश्न सासूबाईंना कुणी थेट विचारत नाही. तो मावशीकडून, आत्याकडून, शेजारणीकडून फिरून त्यांच्यापर्यंत पोचतो!

ग्रीन बेमध्ये हे फिरणं २००५ मध्येच सुरू झालं होतं. त्या एप्रिलमध्ये नवे जनरल मॅनेजर टेड थॉम्पसन यांनी ड्राफ्टमध्ये २४ व्या क्रमांकावर ॲरन रॉजर्स नावाचा क्वार्टरबॅक घेतला. फार्व तेव्हा ३५ वर्षांचा. कुणी काही बोललं नाही, पण अर्थ सगळ्यांना कळला. त्यानंतर दर वसंतात 'फार्व थांबणार का' हा कार्यक्रम ठरलेला. २००६ मध्ये तर एप्रिल संपत आला तरी त्याचा निर्णय होईना. रॉजर्स बिचारा तीन वर्षं बाकावर.

मग आला २००७ चा सीझन. सगळे अंदाज चुकवत पॅकर्सनी १३ सामने जिंकले, फक्त ३ हरले. २० जानेवारी २००८ ला घरच्या मैदानावर, उणे १८ सेल्सियसच्या थंडीत, सुपर बोलच्या आधीचा सामना झाला. जादा वेळेत फार्वने फेकलेला पास न्यूयॉर्क जायंट्सच्या खेळाडूने पकडला आणि पॅकर्स २३-२० असे हरले. पॅकर्सच्या शर्टात फेकलेला त्याचा तो शेवटचा पास. मार्चच्या सुरुवातीला त्याने निवृत्ती जाहीर केली. पत्रकार परिषदेत ढसाढसा रडला. त्याच महिन्याच्या अखेरीस त्याने कोचला फोन करून परत यायचं म्हटलं. संघाची माणसं विमानाने त्याच्याकडे जायला निघणार, तेवढ्यात पुन्हा फोन करून 'नको' म्हणाला. हे लोकांना कळलं नंतर. तळ्यात, मळ्यात, तळ्यात.

पॅकर्सनी मग रॉजर्सला सांगून टाकलं की आता संघ तुझा. ड्राफ्ट झाला, सराव झाला, सगळी आखणी नव्या माणसाभोवती झाली. आणि जुलै उजाडताच वावड्या उठायला लागल्या. ११ जुलैला उघड झालं की फार्वने संघाकडे बिनशर्त सुटका मागितली आहे. संघाने नकार दिला. कारण उघड होतं. सुटला तर तो जाणार मिनेसोटा व्हायकिंग्जकडे, म्हणजे शेजारच्या राज्यातल्या, वर्षातून दोनदा समोर येणाऱ्या कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे. मिनेसोटाने चोरून बोलणी केली अशी तक्रारही पॅकर्सनी लीगकडे केली. चौकशीत काही सिद्ध झालं नाही. मग फार्व टीव्हीवर गेला आणि संघावर आपला विश्वास उरला नाही असं सांगून आला. जुलैच्या अखेरीस संघाचे अध्यक्ष मार्क मर्फी स्वतः मिसिसिपीला गेले. निवृत्तच राहा, त्याबद्दल जाहिरात-प्रसिद्धीचा दीर्घ मुदतीचा करार देतो, अशी ती बोलणी. सुमारे दोन कोटी डॉलरचा आकडा तेव्हा छापून आला होता. न खेळण्यासाठी एवढे पैसे! गावाने नावं ठेवली ती दोघांनाही.

३ ऑगस्टच्या संध्याकाळी फार्व ग्रीन बेच्या विमानतळावर उतरला. कुंपणापाशी लोक जमले होते. त्याच संध्याकाळी स्टेडियममध्ये सराव सामना होता आणि तिथे काही प्रेक्षकांनी रॉजर्सची हुर्यो उडवली. चोवीस वर्षांच्या पोराचा दोष काय, तर ठरलेल्या जागी ठरल्या वेळी उभा राहिला. पुढचे दोन दिवस कोच माइक मॅकार्थी आणि फार्व यांची तासन्‌तास बोलणी झाली. इतक्या महिन्यांत दोन माणसं प्रथमच समोरासमोर बसून मोकळेपणाने बोलली. त्यातून निघालं ते एवढंच की आता हे जुळणार नाही. ६ ऑगस्टच्या रात्री उशिरा ट्रेड झाला. कुणाकडे? न्यूयॉर्क जेट्सकडे. १९९१ मध्ये एका नंबराने हुकलेला खेळाडू सतरा वर्षांनी त्यांच्या दारात आला. बदल्यात मिळाली ड्राफ्टमधली एक सशर्त निवड. फार्व आणि संघ किती चांगले खेळतात त्यावर ती वाढणार होती. शेवटी ती तिसऱ्या फेरीची ठरली.

जेट्सकडे तेव्हा चॅड पेनिंग्टन नावाचा क्वार्टरबॅक होता. फार्व येताच त्यांनी त्याला सोडून दिलं. तो मायामीला गेला. जेट्सची सुरुवात झकास झाली, ११ पैकी ८ सामने जिंकले. मग फार्वचा खांदा-दंड दुखावला आणि गाडी घसरली. डिसेंबरच्या शेवटच्या सामन्यात समोर मायामी, म्हणजे तोच पेनिंग्टन. मायामी जिंकली आणि जेट्स प्लेऑफच्या बाहेर! एका ज्येष्ठाला जागा करून देताना दुसऱ्याला निरोप द्यावा लागतो, आणि त्याच्या नावाने कुणी महिनाभर रडत नाही, हे त्या गडबडीत आम्हा सगळ्यांच्याच नजरेतून सुटलं होतं.

पुढचं थोडक्यात. फार्व पुन्हा निवृत्त झाला, जेट्सनी हक्क सोडला आणि ऑगस्ट २००९ मध्ये तो गेलाच मिनेसोटाकडे. नोव्हेंबरात व्हायकिंग्जच्या जांभळ्या कपड्यात ग्रीन बेच्या मैदानावर आला, तेव्हा सोळा वर्षं त्याच्यासाठी घसा फोडणाऱ्या लोकांनी त्याला हूट केलं. मिनेसोटा जिंकली, ३८-२६. चाळिसाव्या वर्षी त्याने ३३ टचडाउन पास फेकले, पॅकर्सपाशी असतानाच्या कित्येक वर्षांपेक्षा सरस. म्हणजे 'मी अजून खेळू शकतो' हे त्याचं म्हणणं खरं होतं. आणि फेब्रुवारी २०११ मध्ये रॉजर्सने ग्रीन बेला सुपर बोल जिंकून दिला. म्हणजे थॉम्पसन यांचंही खरं होतं. दोघेही बरोबर असताना एवढी कटुता कशी निर्माण झाली, हा माझा प्रश्न आहे.

जुन्या गोष्टी पाहिल्या तर कळतं की हा काही ग्रीन बेचा खास रोग नाही. बाल्टिमोरमध्ये सतरा वर्षं राज्य केलेल्या जॉनी युनायटसला १९७३ मध्ये सॅन डिएगोला विकलं गेलं. तिथे त्याचा खेळ संपत आला होता, हे दिसायला एक सीझन पुरला. सॅन फ्रान्सिस्कोला चार सुपर बोल जिंकून देणारा जो मोंटाना कोपराच्या दुखापतीने जवळजवळ दोन वर्षं बाहेर राहिला, तोवर स्टीव्ह यंगने जागा पक्की केली होती. १९९३ मध्ये कॅन्सस सिटीकडे जायचं ठरत आलं, तेव्हा मालकाला गलबलून आलं आणि जागा तुझीच असं आश्वासन देऊन त्याला थांबवायचा प्रयत्न झाला. मोंटानाने नम्रपणे नकार दिला. मला या सगळ्यांत तो शहाणा वाटतो. आश्वासन उशिरा आलं की त्यातली दया दिसते, हे त्याला कळलं असावं. त्यानंतरच्या दुसऱ्याच सीझनमध्ये यंगने सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोल जिंकून दिला.

यातून ग्रीन बे काही शिकलं का? २०२० च्या ड्राफ्टमध्ये पॅकर्सनी २६ व्या क्रमांकावर जॉर्डन लव्ह नावाचा क्वार्टरबॅक घेतला. रॉजर्स तेव्हा ३६ वर्षांचा. एप्रिल २०२१ मध्ये, नेमकं ड्राफ्टच्या दिवशी, बातमी फुटली की रॉजर्सला इथे राहायचं नाही. मग दोन वर्षं तोच खेळ. राहणार, जाणार, निवृत्त होणार. एप्रिल २०२३ मध्ये ट्रेड झाला. कुणाकडे? तुम्ही ओळखलंच असेल. न्यूयॉर्क जेट्स! पहिल्याच सामन्यात, चौथ्या चालीत त्याच्या पायाची शीर तुटली आणि सीझन संपला. २०२५ मध्ये जेट्सनी त्याला सोडलं. जॉर्डन लव्ह तीन वर्षं बाकावर बसून, रॉजर्ससारखाच, आपल्या पाळीला उभा राहिला. ज्या रॉजर्सची २००८ मध्ये हुर्यो उडवली गेली, तोच पंधरा वर्षांनी फार्वच्या जागी जाऊन बसला. तरुणपणी आपण ज्याच्या जाण्याची वाट पाहतो, तो माणूस एक दिवस आपणच होतो.

एक फरक मात्र पडला होता. २००८ सारखी वखवख, रडारड, गावाची फाळणी या वेळी झाली नाही. लोकांना कळलं होतं की हा कुणाचा विश्वासघात नाही, ही वयाची गोष्ट आहे. पहिल्या वेळी बसलेला धक्का दुसऱ्या वेळी शहाणपण होऊन आला म्हणा ना.

फार्व आणि ग्रीन बे यांचीही दिलजमाई झाली. २०१५ मध्ये संघाने त्याचा चार नंबरचा शर्ट कायमचा निवृत्त केला. त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या रात्री पावसात भिजत स्टेडियम त्याच्यासाठी उभं होतं आणि साठच्या दशकातला थोर क्वार्टरबॅक, आजाराने थकलेला बार्ट स्टार, त्याच्या शेजारी होता. त्यानंतरचं फार्वचं आयुष्य सरळ गेलं नाही. मिसिसिपीतल्या कल्याण निधीच्या प्रकरणात दिवाणी दाव्यात त्याचं नाव आलं, आणि आपल्याला पार्किन्सन्स असल्याचं त्याने २०२४ मध्ये सांगितलं. असो, तो वेगळा लेख आहे.

मला त्या उन्हाळ्यातून एकच गोष्ट उरलेली वाटते. म्हाताऱ्या माणसाला 'आता पुरे' म्हणणं क्रूर नाही. कुणीतरी कधीतरी म्हणावंच लागतं. त्याने 'अजून नाही' म्हणणंही चूक नाही. पण ही दोन वाक्यं एकमेकांच्या तोंडावर म्हटली गेली, तर एका बैठकीत भागतं. नाही म्हटली, तर ती कर्णोपकर्णी फिरत राहतात आणि फिरता फिरता त्यांचे काटे होतात. मॅकार्थी आणि फार्व यांची ऑगस्टमधली ती बैठक मार्चमध्ये झाली असती, तरी ट्रेड कदाचित झालाच असता. पण नोव्हेंबर २००९ मध्ये सत्तर हजारांवर घसे त्याच्यावर तुटून पडले नसते. तुमच्या घरात, दुकानात, ऑफिसात असं एखादं वाक्य कुणाच्या तरी कानाकानातून फिरत असेल, तर बघा, जमलं तर ते थेट सांगून टाका.